एकशे बारावा प्रश्न

दुपारची गोळी घेऊन झाली की फिदेन्सिओ
चष्मा शर्टाला पुसतो, माझं पुस्तक मांडीवर घेतो
आणि विचारतो, "काय डॉक्टरीणबाई, तयार?"

अंतोफागास्तात मला डॉक्टर म्हणणारा तो एकटाच.
बाकीच्यांसाठी मी मायग्वालिदा, त्याच्याकडची बाई,
आंघोळ घालणारी, नखं कापणारी,
तासावर पैसे घेणारी.

खिडकीच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला वाळवंट.
मधे आम्ही दोघं, चहा, पाव
आणि प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय.

बार्किसिमेतोत एकोणीस वर्षं बाळंतपणं केली.
वीज गेली की मोबाईलच्या उजेडात टाके घातले.
ती पोरं आता मिसरूड फुटलेली असतील.
आणि परवा, कागदावर,
आडव्या आलेल्या बाळाचं काय करायचं
ते मला आठवेना.
हातांना आठवत होतं.
हातांना परीक्षेला बसू देत नाहीत.

दोनदा नापास. पहिल्यांदा चार गुणांनी,
दुसऱ्यांदा कितीने, ते मी पाहिलंच नाही.
आईला सांगितलं, निकाल लांबलाय.
आठ महिने लांबलाय तो.
ती आता विचारत नाही,
फोन ठेवताना फक्त म्हणते, जेवत जा गं.

झोपेत मी दात खाते म्हणे.
फिदेन्सिओला भिंतीपलीकडून ऐकू येतं.

तो अडखळत वाचतो, रोगांच्या लांब नावांवर
पहार खडकाला लागावी तसा थांबतो.
चुकलं की जिभेने चक् करतो,
बरोबर आलं तर माझ्या बशीत एक बिस्किट.

काल एकशे बारावा.
"पुरुष, वय चौऱ्याहत्तर. तीस वर्षं तांब्याच्या खाणीत.
धाप लागते. खोकला.
सहा महिन्यांत नऊ किलो वजन घटलं.
अलीकडे थुंकीतून रक्त"
बोट ओळीवर तसंच राहिलं.
दुसऱ्या हाताने त्याने रुमाल,
जो तो मला कधीच धुऊ देत नाही,
खिशात आणखी आत सारला.

"पर्याय वाचू?"
वाचले. पाचही, सावकाश.

उत्तर मला येत होतं.
मार्चपासून येत होतं, त्याच्या पाठीला साबण लावताना
बरगड्या हाताला लागायला लागल्या तेव्हापासून.
कालामाला त्याच्या मुलीला फोनही केला होता.
ती म्हणाली, तुमच्याकडे इथला परवाना आहे का?

"दुसरा पर्याय," मी म्हटलं. "दमा."

त्याने मागचं उत्तरांचं पान उघडलं,
बराच वेळ बघत राहिला.
जिभेने चक् केलं नाही.
एक बिस्किट उचललं, मोडलं,
अर्धं माझ्या बशीत ठेवलं.

"परीक्षा कधी म्हणालीस?"
"डिसेंबरात."
त्याने बोटांवर महिने मोजले,
माझे की स्वतःचे, कोण जाणे.

"एकशे तेरा," म्हणाला, आणि घसा खाकरला.
"स्त्री, वय एकवीस. पहिलटकरीण."