हात शेकण्यापुरता

साडेअकरा हजारांचा टॉर्च
अन्वय खळतकरनं माझ्या टेबलावर ठेवला
तेव्हा सोल्डरचा धूरही जरा सरकून बसला,
असं मला उगाच वाटलं.

काळा, तळहाताएवढा.
डब्यात फोमचा खड्डा, बरोबर त्याच्याच मापाचा,
शिंप्याकडून शिवून घेतलेली झोप जणू.
तोंडाच्या कडेला दाते.
हे कशाला रे?
"काच फोडायला. वेळ आली तर माणूस."
मनीषनगरात राहतो अन्वय.
तिथं फार तर कुत्री मागं लागतात.

मग मी माझा काढला खणातून.
सायकलपंपाची नळी,
लॅपटॉपच्या मेलेल्या बॅटरीतले सेल
(सहा फोडले, दोन जिवंत निघाले),
भिंग इतवारीच्या भंगारातलं, टवका उडालेलं,
बटण बायकोच्या जुन्या मिक्सरचं,
त्यावर अजून दोनचा आकडा आहे,
एक आणि तीन कुठं गेले, माहीत नाही.
खर्च तीनशे चाळीस, चहा धरून.

रात्री बर्डीच्या गच्चीवर चढलो.
"किल्ल्याकडे नको मारू बे, मिलिटरी आहे,"
म्हणून पाण्याच्या टाकीकडे.
त्याचा उजेड पट्टीनं आखल्यासारखा गेला.
टाकीचा गंजका जिना मोजता आला मला,
बावीस पायऱ्या, सतरावी तुटकी.
माझा गेला समोरच्या लॉजच्या पाटीपर्यंत,
पिवळट, मधोमध एक जांभळं भोक घेऊन,
आणि चौथ्या मिनिटाला नळी इतकी तापली
की मी ती या हातातून त्या हातात
भाजलेल्या भुट्ट्यासारखी नाचवत राहिलो.

हरलो. त्यात काही खोट नाही.
कुणीतरी, कुठंतरी, पगार घेऊन
वर्षानुवर्षं एवढाच विचार केला असेल
की उष्णतेला बाहेर कसं काढायचं.
मी तो विचार शटर ओढल्यावर करतो,
जेवण गार होईपर्यंत.

पण डोक्यात राहिलं.
दोन रविवार घालवून तांब्याची चकती बसवली,
पंख पाडले कानशीनं, नखं काळी झाली.
आता दिवा तासभर जळला तरी नळी गार.
तो घेऊन बेसाला गेलो, जानेवारीत, रात्री दीडला,
अकरा मजल्यांच्या सांगाड्याखाली
बाजीराव उईके राखण करतो तिथं.
दिवाळीत माझा पहिला, फसलेला टॉर्च त्याला दिला होता.
म्हटलं, बदलून देतो. तो तापतो फार.

त्यानं नवा घेतला, पेटवला, हातात तोलला.
दोन मिनिटं काही बोलला नाही.
मग परत दिला.

"भाऊ, राहू द्या. मले जुनाच पाह्यजे.
इथं शेकोटी पेटवू देत नाही साहेब, प्लायवूड हाय म्हून.
तीन वाजता बोटं लाकडं होतात.
मंग मी हे भिताडाकडे तोंड करून लावतो,
अन् दोनी हातानं धरतो."

अन् उजेड?

"उजेडाचं काय? चोराले एवढं दिसलं पाह्यजे
का इथं कोनी जागा हाय."

त्यानं तो मफलरच्या टोकात गुंडाळून ठेवला होता.
मी कितीदा सांगितलं असेल लोकांना
की हा माझा फसलेला आहे.
त्याच्यासमोर सांगता आलं नाही.

परतताना वर्धा रोडवर
गाडीचा हेडलाइट पुन्हा बसला.
नवा टॉर्च डाव्या हातात धरून आलो,
एकसारखा पांढरा उजेड, जांभळं भोक नाही,
डिव्हायडरवरची धूळसुद्धा मोजून घ्यावी असा.
बोटं मात्र अजनीपर्यंत बधिर.