कुपी क्रमांक तीन

दवाखान्याच्या वहीत फ्रिजचं तापमान
सकाळी चार, संध्याकाळी चार,
मेच्या बावीस ते पंचवीसलाही चार.
तेव्हा तर डीपी जळाला होता,
सारी पेंढरी अंगणात खाटा टाकून जागी होती.
माझ्या आधीच्या माणसाचं अक्षर सुरेख.
इतकं सुरेख, की मी वही मिटली
आणि बाहेर येऊन हात धुतले.

टोचूनही लाळ-खुरकूत आलं होतं.
अनुसया नान्हेच्या गोऱ्ह्याची जीभ
भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखी सुटत होती.
कंपनी म्हणाली, लस चोख.
जिल्हा म्हणाला, टोचणी चोख.
मग खोटी उरली ती जनावरंच.

म्हणून पत्र गेलं त्या प्रयोगशाळेला
जिचं कंपनीशी नातं नाही, जिल्ह्याशीही नाही.
उत्तर आलं: चार कुप्या पाठवा.
नावं नकोत, गावं नकोत, नुसते आकडे.
एक मुद्दाम गोठवलेली असू द्या.
कुठली, ते आम्हाला कळवू नका.

मुद्दाम!
अकरा वर्षं जे होऊ नये म्हणून जपलं
तेच मी रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवलं.
सकाळी पाहिलं, तेल वर, पाणी खाली,
भांडून चुली वेगळ्या केलेल्या जावांसारखं.
वितळल्यावर हलवली, तरी मिसळेना.

कोणत्या आकड्यात काय, हे चिठ्ठीवर लिहून
पाकीट लाखेनं बंद केलं,
पोस्टमास्तर बोरकुटेंच्या कपाटात ठेवलं.
आता मलाही शब्द फिरवता येणार नव्हता.

नागभीडची एसटी. मांडीवर डबा,
झाकणाला काट्याचा थर्मामीटर.
जंगलात टायर बसला.
मोहाची सावली सरकेल तसा मी सरकत होतो.
कुल्फीवाला मोईन फुकट बर्फ देऊ लागला,
"घ्या ना साहेब, मुक्या जिवांसाठी आहे."
नको म्हणताना घसा कोरडा पडला.
तो बर्फ उघडा कुप्यांना लागता
तर चारही एकाच जातीच्या झाल्या असत्या.

अकरा. साडेबारा.
फोनवर साहेब: "चार लिहा हो. कोणाले समजते?"
चार. मला तो आकडा पाठ होता.
सुरेख अक्षरातला.
मी लिहिलं: दोन दहा, तेरा.
दोन चाळीस, चौदा.
गुडघ्यावर कागद टेकवून, वेडंवाकडं.

सव्वा महिन्यानं अहवाल आला.
कुपी क्रमांक तीन गोठलेली.
बोरकुटेंनी चष्मा पुसला, लाख फोडली,
चिठ्ठी वाचली: तीन.
निदान तिकडचे डोळे तरी खरे निघाले.
पण उरलेल्या तिन्ही अशक्त,
आणि वाटेतल्या उष्णतेमुळे
दोष मुळातला की प्रवासातला, सांगता येत नाही.
नमुने पुन्हा पाठवावेत.

"मंग दवाई खरी का खोटी जी?" अनुसयाबाई.
माहीत नाही, म्हणालो.
"मालूम नाही म्हनाले सव्वा महिना लागला?"
मी काही बोललो नाही.
कागदावर चार लिहिला असता
तर या घडीला माझ्याकडे उत्तर असतं.

ती घरात गेली, तनसाचा पेंढा घेऊन आली.
"मासोऱ्या दुपारी कोन नेते? इतकी शाळा शिकले तुमी.
पहाटंच्या पयल्या गाडीनं जा.
डब्याले तनस बांधा, वरून ओलं पोतं.
मी येतो संगं, बाजार हाय माहा."

पहाटे पाच. गाडीत माशांचा वास,
तिची टोपली पायाशी, माझा डबा मांडीवर.
खिडकीबाहेर बोड्यांचं पाणी अजून काळं.
"किती?" तिनं काट्याकडे बोट केलं.
सहा.
"चार काहून नाही?"
सहा आहे म्हणून.
तिनं वाकून पाहिलं, स्वतः पाहिलं,
मग माझ्या पेनाकडे.
"लिवा मंग."