निळ्या रेघेचा वळसा

ऑब्री टॉन्क्सनं आखले तीन रस्ते
पोस्टाच्या तपकिरी पाकिटाच्या पाठीवर,
आधी शिसपेन्सिलीनं, मग रंगीत शाईनं.
लाल : नऊ मैल, पोरं बरोबर असतील तर.
हिरवा : चौदा, चिखल गृहीत धरून.
निळा : एकवीस, आणि खाली बारीक अक्षरात
‘गुडघे ज्याचे त्याने सांभाळावेत.’

बसथांब्यावर बिस्किटांच्या डब्यात असतात हे नकाशे.
पन्नास पेन्स. न दिले तरी कोण बघतं.
गेली सहा वर्षं डबा मी भरते; ऑब्री नाही आता.
रविवारी बर्मिंगहॅमकडची माणसं येतात,
टपावरून सायकली उतरवतात,
चाकातली हवा बघतात, आभाळ बघतात,
आणि निघतात रेघेवरून, मुंग्यांसारखी निमूट.

निळी रेघ चर्चपासून सुटते.
दोन्हीकडे हॉथॉर्नची कुंपणं इतकी उंच
की मे महिन्यात पांढऱ्या बोळातून चाललोय असं वाटतं;
बोळाला मधूनच एक भोक, भोकात एक गाय,
गायीच्या तोंडात आपल्याबद्दलचं मत.
मग उतार. ब्रेक सोडा.
डोळ्यांत चिलटं, कानांत वारा,
साठी उलटलेली बाई क्षणभर कोणाची कोणी नसते.
मग ओढा, रस्त्यावरूनच वाहणारा, पाय वर घ्यायचे,

आणि तिथे, जिथे रस्ता सरळ जातो प्रॉसरच्या शेतातून,
रेघ फटकून डावीकडे वळते.
दीड मैलाचा वळसा, सगळा चढाचा.
दिसत काही नाही : बीटाचं शेत, पाण्याची गंजकी टाकी.
लोक विचारतात, इथे बघायचं काय?
मी म्हणते, दम.

कारण एवढंच : त्र्याऐंशी साली, मार्चमध्ये,
रस्त्यावरचं प्रॉसरचं फाटक उघडं राहिलं.
अकरा मेंढ्या चॅपलच्या आवारात गेल्या
आणि मिसेस बीव्हनच्या ताज्या कबरीवरची फुलं खाऊन आल्या,
कार्डांसकट.
शेवटचा तिथून गेला होता ऑब्री, सायकलवर.
‘फाटक मी लावलं होतं.’
‘नव्हतंस.’
पुढची पस्तीस वर्षं हा एवढाच संवाद
दोघांनी न बोलता जपला.
पबमध्ये एक खिडकीशी, एक शेकोटीशी;
मधल्या टेबलावर कोणी बसायचं नाही.
माणसं माणसाला भेटायला वाट वाकडी करतात.
ऑब्रीनं एकाला टाळायला केली,
आणि छापून घेतली.

आयव्हर प्रॉसरही गेला.
मागच्या ऑक्टोबरात त्याच्या लेकीनं, मेरिएलनं,
शेत विकायला काढलं, मला बोलावलं जॅमच्या बरण्या न्यायला.
फाटकापाशी थांबली.
खिट्टीला तार गुंडाळलेली, गंजून तांबडी.
‘खिट्टी तुटलेलीच होती,’ ती म्हणाली.
‘त्याच रात्री बाबांनी तार बांधली. बॅटरी मी धरली होती.’
आणि बरण्या मोजू लागली : डॅमसन सात, क्विन्स चार.

मी परतले ती सरळ रस्त्यानं. पहिल्यांदाच.
बारा मिनिटं आधी पोचले.
‘लंगडी हंसीण’ अजून उघडली नव्हती;
पबच्या भिंतीवर बसून राहिले,
त्या बारा मिनिटांचं काय करायचं ते कळेना.

नवी आवृत्ती छापायची आहे.
पट्टी घेतली, रबर घेतलं.
त्या वळणावर ऑब्रीचा हात जरा जास्त दाबलेला दिसतो,
कागदाच्या मागून बोटाला लागतो.
रबर ठेवून दिलं.
फाटकाच्या जागी एक खूण तेवढी काढली, तारेच्या पिळासारखी.
खुणांच्या यादीत चर्च आहे, पब आहे, हवेचा पंप आहे;
ही नाही.

काल हेल्मेटखाली घामेजलेला एक मुलगा
बोट ठेवून विचारत होता,
हे काय, झरा?
म्हटलं, जाऊन बघ.
आणि मागून लावून घे.