वॉटी डथीचं स्टूल

शनिवारी संध्याकाळी साडेसहाला
वॉटी डथी बंदराच्या कोपऱ्यावर स्टूल मांडायचा,
नेमका माझ्या दुकानासमोर.
एक पाय डुगडुगायचा. त्याखाली
कुणीतरी फेकलेलं सिगारेटचं पाकीट सरकवायचा,
मग टोपी काढायचा, आणि सुरू.

आवाज असा की धक्क्यावरचे कुरव उठावेत.
तीस वर्षं इंजिनावर मात करून बोलत
कमावलेला आवाज.
पाप, रक्त, दार, उशीर,
एवढे चार शब्द तर मला तळणीच्या चरचरीतही कळायचे.
बाकीचं वारा नॉर्वेकडे घेऊन जायचा.
तिथे कुणाचा उद्धार झाला असेल तर ठाऊक नाही.

गिऱ्हाइकं रांगेत त्याच्याकडे पाठ करून उभी राहायची.
पोरं त्याच्या पायाशी चिप्स फेकायची,
म्हणजे पक्षी त्याच्या बुटांवर भांडत.
वरच्या मजल्यावरची मोराग खिडकी लावून घ्यायची,
हळू नव्हे, त्याला ऐकू जाईल अशी.
एका पर्यटकानं टोपीत दोन पाउंड टाकले,
तर हा बोलणं अर्धवट सोडून धावला
आणि परत करून आला.

मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही.
काउन्सिलला पत्र लिहिलं. दोनदा.
धंद्यावर परिणाम होतो, म्हटलं.
खोटं होतं. धंदा होता तसाच होता.
फ्रेझरला बुडून तेव्हा चार महिने झाले होते
आणि 'अजून वेळ आहे' हे वाक्य
मला रस्त्यावरून ऐकायचं नव्हतं.

मग त्याच्या घशात काहीतरी निघालं.
अ‍ॅबर्डीनला नेलं, कापलं.
वसंतात परत आला तो गळ्याशी भोक,
त्यावर बायकोनं विणलेला निळा रुमाल.
शनिवारी साडेसहाला स्टूल.
पाकीट. टोपी.
आणि काहीच नाही.

नुसता उभा. हात जरा पुढे,
जाळं ओढण्याआधी दोरी अजमावतात तसे.
पहिल्या शनिवारी सगळे हसले. मीही, काचेआडून.
दुसऱ्या शनिवारी हसू पुरेना.
तिसऱ्या शनिवारी बर्फाच्या कारखान्यातला डूगी,
जो त्याला भोंगा म्हणायचा,
कागदी पुडी घेऊन त्याच्याजवळ थांबला,
दुखतं का, एवढंच विचारायला.
वीस मिनिटं झाली. पुडी गार झाली.
काचेवरची वाफ पुसून पाहिलं तर
बोलत होता डूगीच.

मग रीघ लागली, असं म्हणणार नाही.
एखादा. कधी दोघं. पावसात कुणीच नाही.
देवाचं कुणी काही बोलत नसे, असं मोराग सांगते.
तिची खिडकी आता उघडी असते, उकाड्यामुळे म्हणे.
आमच्याकडे उकाडा!
लोक सांगत बोटीचं कर्ज, मुलीचा न येणारा फोन,
त्या रात्री रेडिओ कुणी बंद केला होता ते.

वॉटीला हे रुचत नव्हतं.
तो सांगायला आला होता.
कोटातून नातवाची पाटी काढून
घाईघाईनं काही लिहायचा,
समोरचा वाचायचा, मान हलवायचा,
आणि आपलंच पुढे चालू ठेवायचा.

ऑक्टोबरात एकदा तळण बंद करून
मी रस्ता ओलांडला. एप्रन तसाच.
पत्रांचं सांगून टाकावं म्हणून गेले होते.
तोंडून फ्रेझर निघाला.
त्यानं त्या दिवशी कोणते बूट घातले होते, तेही.

वॉटीनं पाटी काढली.
'माझ्या होडीवर दोन उन्हाळे होता.
गाठी फार वाईट मारायचा.'

मी हसले की काय केलं, आठवत नाही.
त्यानं बाहीनं पाटी पुसली
आणि दुसरं लिहायला घेतलं.
ते काय असणार, मला ठाऊक होतं.
दुकानात कुणीतरी काउंटरवरची घंटी वाजवत होतं.
मी थांबले.
त्याचं अक्षर फार सावकाश उमटतं.