नग सहा

पंचनाम्यात मीच लिहिलं :
गोधड्या, हाताने शिवलेल्या, वापरलेल्या, नग सहा.
किंमत अंदाजे... इथे पेन अडलं.
साहेब म्हणाले, टाक शून्य.

तिकडे वाशीच्या एका काचेच्या दुकानात
अशाच एकीला आठ हजारांची चिठ्ठी होती.
म्हणून तर दिघ्याच्या गच्च्यांवरून,
रबाळ्याच्या दोऱ्यांवरून
ऊन खायला टाकलेली ऊब
टेंपोत भरली जात होती.

मुद्देमालाच्या खोलीत
एक इन्व्हर्टर, तांब्याच्या तारेची वेटोळी, दोन मोटारसायकली,
आणि त्यांच्यावर ह्या सहा जणी,
सुतळीने आवळलेल्या, गाठीवर लाख.
एरवी दार उघडलं की पेट्रोल यायचं नाकात.
त्या आठवड्यात
कुणाचं तरी घर यायचं.

ओळख पटवायला बायका आल्या.
नियम असा, की आधी न बघता सांगायचं.

हौसाबाई कोळपे, यादवनगर, म्हणाली,
मधोमध खाकी, मालकाच्या वॉचमनच्या पँटीची.
गुडघ्याला ठिगळ होतं, ते तसंच घेतलं,
कशाला उसवायचं, पुन्हा लावायचंच होतं.

मेहरुन्निसा शेखने काहीच सांगितलं नाही.
हवेत बोटं चालवली फक्त.
मी डावरी आहे, बाई,
सगळ्यांचे टाके जातात, माझे येतात.

घणसोली गावातली बेबीबाय मढवी :
तीन कोपऱ्यांना लाल हाय, चौथ्याला नाय.
का नाय?
सपला व्हता लाल.

ठोंबऱ्यांच्या दोघी जावा एकदम आल्या.
स्वतःची एकीलाही धड सांगता येईना.
दुसरीची मात्र टाक्यान् टाका पाठ,
कुठे चुकलाय तेसुद्धा.

सुपूर्तनाम्यावर पाच अंगठे-सह्या झाल्या.
हौसाबाईने जाता जाता विचारलं, धुतली नाहीत ना?
नाही म्हटलं.
बरं केलंत.

कळव्याहून एक आली होती, उशिरा.
उरलेली उलटून पालटून बघितली.
माझी नाही, म्हणाली,
आणि तरी पाच मिनिटं हात ठेवून बसली तिच्यावर.
मी घड्याळाकडे बघितलं नाही.

मग आरोपी. नवनाथ शिरतोडे, वय बावीस.
गजाआडून म्हणाला, ताई, ती एक चोरीची नाही.
माझी आहे. टेंपोतच निजायचो मी.

असं सगळेच म्हणतात.
ठाणे अंमलदार हसले.
मी म्हटलं, न बघता सांग.

तो डोळे मिटूनच बोलला, कुणी सांगितलं नसताना :
पायाकडच्या अंगाला, दोन थरांच्या आत
माझ्या शाळेच्या शर्टाचा खिसा आहे.
खिशात चिंचोका राहिला होता. आईने बघितला नाही,
वरून शिवत गेली.
आता दुसरी होणार नाही,
सुई ओवता येत नाही तिला.

मी लाख फोडली. त्याची वेगळी नोंद केली.
पायाकडून चाचपत गेले,
धोतर, परकर, कसलं तरी फुलाफुलांचं,
टाक्यांच्या ओळी बोटांखाली
नांगरटीसारख्या.
आणि एके ठिकाणी
टणक.

रजिस्टरात मालकाचे नाव असा रकाना असतो.
त्याला लागून आरोपीचे नाव.
दोन्हींत तेच लिहिताना
अक्षर जरा बिघडलं.
किंमत मी या खेपेला कोरी सोडली.

मग पत्ता विचारला, माल कुठे पोचवायचा.
तो बराच वेळ गप्प.
म्हणाला, एमएच त्रेचाळीस...

पुढचे आकडे मला माहीत होते.
माझ्याच हाताने लिहिलेले,
मागच्या पानावर,
जप्त वाहनांत.