हंय?

मोसम संपला. वेळागरच्या रिसॉर्टात
आता दोनच खोल्या भरलेल्या, त्याही पुण्याच्या.
केरकर मॅनेजरांनी आम्हा कामगारांना कूपनं वाटली:
एक माणूस, एक थेरपी, फुकट.
खाली दोन चौकोन. शिआत्सू. कपिंग.
एकावर खूण करायची.

मी दोन्ही ओळखते, टॉवेलांवरून.
कपिंगचे तेलकट येतात,
सोडा घालून दोनदा उकळावे लागतात.
शिआत्सूचे कोरडेच. कपड्यांवरूनच दाबतात म्हणे,
नुसत्या अंगठ्यांनी. धुणारीला विचाराल
तर शिआत्सूच बरी.

पण मला आज धुणारी म्हणून नाही विचारलेलं.
पाठ म्हणून विचारलंय.

उजवा खांदा. अकरा वर्षं चादरी पिळल्या,
डबलबेडच्या, ओल्या झाल्या की म्हशीएवढ्या.
वेंगुर्ल्याला फोटो काढला. वालावलकर डॉक्टरांनी
उजेडात धरला, म्हणाले, काही नाही.
घरी येऊन मीही धरला खिडकीशी.
हाडं होती. हाडांमागे शेजाऱ्यांचा फणस दिसत होता.
काही नव्हतं.
ते काही नाही रात्री दोनला मला उठवतं.

म्हणून कपिंग. कारण कपिंगचे डाग राहतात.
पाहिलेत मी तलावाशी, पाहुण्यांच्या पाठींवर,
गोल, जांभळे,
रातांब्यांच्या वाट्या उचलल्यावर खाली उरतात तसे.

लहानपणी घाटावरून तुंबडीवाला यायचा.
बाबा माडावरून पडले त्या वर्षी
त्यानं त्यांच्या कमरेला शिंग लावलं,
तोंडानं ओढलं, गाल खोल गेले त्याचे,
काळं रक्त करवंटीत काढलं
आणि अख्खी वाडी बघायला आली.
तेव्हा कुठं लोक म्हणाले, लागलंय हो बिचाऱ्याला.
त्याआधी तीन आठवडे बाबा नुसते आळशी होते.

मलाही हवे होते डाग. आठ-दहा दिवस का होईना.
ब्लाउजचा गळा मागून खोल शिवला असता.
दिवा तसाच ठेवून नवऱ्याकडे पाठ करून झोपले असते.
केरकरांना दाखवली असती पावती
(दर मोसमाला नवं मशीन आणणारे केरकर,
तुंबडी भरणं त्यांनाही येतं, फक्त आपलीच).

पेनाचं टोपण काढलं

आणि रिनपुई आली मळके टॉवेल घेऊन.
ऐझॉलची पोर, इथं दुसरं वर्ष.
शिआत्सू तीच करते, कपिंगही तीच.
हिंदी तिची अर्धी, माझी पाव.
कूपन कमरेला खोचलं. चादरीचं एक टोक
तिनं धरलं, एक मी,
आणि पिळता पिळता मी थांबले असणार,
कारण ती टोक खांद्यावर टाकून मागे आली
आणि साडीवरूनच अंगठा ठेवला.

"हंय?"

कुठून शिकली कोण जाणे. मासळीबाजारात असेल.
"नाय."
बोटभर सरकली. "हंय?"
"नाय. जरा खाली."
"हंय?"

अकरा वर्षांत किती जणांनी काय काय विचारलं.
कधीपासून. काय उचललंस. गोळी घेतलीस का.
कुठे, असं कुणी बोट ठेवून विचारलं नव्हतं,
आणि मलाही ठाऊक नव्हतं की मला सांगता येतं.

अंगठा थांबला. मग आत गेला, घाई न करता,
खाडीत तिसऱ्या काढणारीचा पाय
चिखलात चाचपत जातो तसा.
माझ्या तोंडून आवाज आला.
तो मी आधी ऐकलेला नव्हता.

याचा डाग नाही राहायचा.
उद्या नवरा म्हणेल, तुझा नेहमीचाच ता.
संध्याकाळी केरकर कूपन मागतील,
दोन्ही चौकोन अजून कोरे.
चादर अर्धी पिळलेली, आम्हा दोघींवर ठिबकतेय.

"दुखता?" ती विचारते.
"दुखता," मी म्हणते. "सोडू नको."