दंत्य

त थ द ध न.
फळ्यावर लिहिलं अन् खडू थांबला.
यांना दंत्य म्हणतात. जीभ दातांना टेकते
तेव्हा उमटतात. माझी टेकायला गेली
अन् भिंतच नाही म्हणून थेट अंगणात.

पहिलीचा वर्ग, सतरा पोरं,
त्यातल्या अकरांचे समोरचे पडलेले.
माझ्यामागे सगळ्यांनी म्हटलं,
मी म्हटलं तसंच, वाऱ्यासकट.
एकालाही चूक म्हणता येईना.

माझं नाव दमयंती लांजेवार.
पाहा, किती दात लागतात त्याला.

गुडाखू. लपवून काय करू.
पहिल्या नेमणुकीच्या गावी शेजारणीनं बोटावर दिली,
'डोस्कं दुखत असन तर घासा, बाई,'
डोकं थांबलं, बोट थांबलं नाही.
बत्तीस वर्षं. हिरड्या आधी सैल झाल्या,
पाणी लागलेल्या धुऱ्यासारख्या,
मग एकेक करून वरचे चार.
शेवटचा पेरूत राहिला.

ब्रह्मपुरीला डॉक्टर नाकाडे.
आडनाव नाकाचं, दुकान दाताचं, असं मी बसमध्ये
जुळवून ठेवलं होतं, पण हसायला तोंड उघडावं लागतं.
तिनं प्लास्टिकचा जबडा हातात घेतला.
एक तर कवळी: घालायची, काढायची, रात्री पाण्यात.
नाहीतर इम्प्लांट: हाडात स्क्रू,
मग थांबायचं, तीन महिने, चार महिने,
हाडानं त्याला धरेपर्यंत. दात त्यानंतर.
'म्हणजे रोवणा?' मी विचारलं.
ती वडशाची. 'हो, रोवणाच,' म्हणाली,
'पण बांधीत चिखल पाहिजे ना, बाई.'
अन् एक्स-रे उजेडाला धरला.
दात गेले की हाडाला काम उरत नाही,
तेही हळूहळू निघून जातं.
आधी ते भरावं लागेल.
'आणि गुडाखू?'
मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

आकडे तिनं चिठ्ठीच्या पाठीवर लिहिले.
कवळी माझ्या मोबाईलएवढी.
इम्प्लांट नव्या मोटरसायकलीएवढं,
टाकीभर पेट्रोलसकट.

कवळी आली. गुलाबी टाळू, तारेचे आकडे,
चार दात, माझ्या उरलेल्यांपेक्षा गोरे.
आठवडाभर जीभ अंग चोरून बसली,
पाहुणा पूर्ण बाजेवर पसरल्यासारखी.
भात भातासारखा लागेना.
त थ द ध न परत आले,
पण स म्हटला की शिट्टी,
आणि सतरा पोरं सशाचा स
शिट्टीसकट शिकली.
रात्री ती काचेच्या पेल्यात. नवरा म्हणाला,
'स्टीलच्यात ठेव, माह्याकडं पाहत रायते.'
नऊनंतर फोन आला तर मी उचलत नाही.

काल तन्मय उईकेनं
रुमालात दात आणला, मुळाशी अजून लाल.
'कवेलूवर फेकतो, बाई. उंदीर नवा देते.'
मग माझ्या तोंडाकडे पाहत,
'तुमचे तुमी फेकलेच नसन.'

शाळेला आता स्लॅब आहे.
आम्ही दोघं खिचडीच्या खोलीमागे गेलो,
तिथं कवेलू उरलेत.
त्यानं फेकला. वर गेला, घरंगळला,
दोन कवेलूंच्या फटीत अडकला.
'चालते,' तो म्हणाला.
त्याचा येईल, दिवाळीपर्यंत, फुकटात,
करवतीच्या कडांचा, तोंडाला मोठा होणारा.

एकेचाळीस दिवस झाले, माझं बोट कोरं आहे.
कशासाठी ते घरी कोणाला सांगितलं नाही.
चिठ्ठी पर्सच्या चोरकप्प्यात आहे,
अन् पेला खिडकीत.

'नाव सांग,' मी त्याला म्हटलं.
'थन्मय.'
चालते, म्हटलं.